माझ्या वाट्याचं वाईट

लिफ्टचं दार मिटायला लागलं आणि ती अजून फाटकातच होती.

"थांबा... अहो, थांबा ना."

आत एकच माणूस. उंच, विस्कटलेल्या केसांचा, काखेत भलीमोठी चपटी पिशवी. त्याने नुसती मान वर केली असती तरी ती दिसली असती. पण तो हातातल्या कागदात असा काही बुडालेला होता की – दार मिटलं, लिफ्ट वर गेली.

ती जिने चढली. नव्या कामाचा पहिला दिवस, झालेला उशीर, त्यात अर्ध्या जिन्यात सॅंडलचा पट्टा तुटला. वरच्या मजल्यावर मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाचं ऑफिस होतं. दाराजवळच्या टेबलाशी बसलेल्या बाईंसमोर ती जवळजवळ कोसळलीच.

"काय एकेक माणसं असतात हो. एवढी ओरडले, पण ढिम्म. बहिरा होता की काय कुणास ठाऊक."

बाईंनी नुसतंच डोळ्यांनी बाजूला दाखवलं. टेबलाच्या पलीकडे, खिडकीखालच्या बाकावर, तोच बसला होता. तिच्याकडेच बघत. त्याने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, पिशवी बाजूला ठेवली, हात मोकळे केले आणि खुणांच्या भाषेत, अगदी सावकाश, सांगितलं,

"हो, आहे. तुम्हाला आधी कळवलं नव्हतं का?"

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. कारण ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. ऐकू न येणाऱ्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांचं त्यांना सांगायचं, हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. आणि आज ज्या चित्रकारासाठी तिला पाठवलं होतं, तो हाच होता.

"ओठ वाचता येतात तुम्हाला?" तिने हातांनी विचारलं. कानशिलं तापली होती.

"फारसे नाही. पण तो एक शब्द कुणाच्याही ओठांवर ओळखतो. लहानपणापासूनची ओळख आहे."

आणि तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. हसला, त्यामुळे पुढे काय करायचं ते तिला कळेना.

खुणांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' असं काही वेगळं नसतं. समोरच्याकडे बोट केलं की झालं. आदर काय तो चेहऱ्यावर. त्या दिवशी त्याच्या बोटाला तिने मनातल्या मनात 'तुम्ही' म्हटलं. ते ठीकच होतं.

बैठक संपादिका बाईंच्या खोलीत होती. बाई वयाने मोठ्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पुस्तक असं होतं – एक मुलगी गेंड्याचं पिल्लू घरी आणते आणि आईबाबांपासून लपवते. त्याने चित्रं टेबलावर मांडली. बाईंनी ती एकेक करून पाहिली.

"गेंडा म्हणजे सुजलेला बटाटा वाटतोय," बाई म्हणाल्या. "आणि ही मुलगी एकाही पानावर त्याच्याकडे बघत नाही. तिचा त्याच्यावर जीव आहे हे मी कशावरून मानू? रंग चांगले आहेत, पण चित्रं मेलेली आहेत. मला हे सगळं पहिल्यापासून हवंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे झुकला होता, निकालाच्या दिवशी पोरं झुकतात तसा. डोळे तिच्या हातांवर. आणि तिचे हात सांगून गेले,

"रंग छान आहेत. गेंडा जरा सुटसुटीत करता येईल का बघा. मुलीची नजरही. काही पानं पुन्हा करावी लागतील."

खोटं असं त्यात काही नव्हतं. नुसत्या कडा घासून घेतलेल्या. हे ती नेहमीच करायची, इतकं सवयीने की आपण काही करतो आहोत हेही तिच्या गावी नसायचं. उलटं सांगतानाही तेच. तो म्हणाला, "यांना गोष्टच कळलेली नाही," आणि तिने बाईंना सांगितलं, "त्यांना गोष्टीबद्दल थोडं बोलायचंय." सगळे हसतमुखाने उठले.

बाहेर बस थांब्यावर तो तिच्या शेजारी उभा राहिला.

"पायाला काय झालं?"

"सॅंडल तुटली. तुमच्या लिफ्टमुळे."

"लिफ्ट माझी नाही."

"मग कागदात एवढं काय होतं, की माणूस दिसू नये?"

"गेंडा. त्याला झोप येत नव्हती."

"मग?"

"मग काय... त्याला वर घेऊन गेलो. तुम्ही चालत आलात."

ती हसली. बस आली आणि गेली. ती त्याचीही नव्हती, तिचीही नव्हती – निदान दोघांनी तसं दाखवलं.

त्यानंतर जेवढ्या बैठका झाल्या, तेवढ्यांना तीच गेली. थांब्यावरचं बोलणं लांबत गेलं. ऐकू न येणारी माणसं एकमेकांना खुणेची नावं ठेवतात. एक दिवस त्याने तिचं नाव ठेवलं. दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले. उशी.

"म्हणजे मी जाड आहे?"

"म्हणजे तुमच्याशी बोललं की डोकं टेकल्यासारखं वाटतं."

घरी येऊन तिने आरशात गाल दाबून पाहिले. जाड की छान? तिला ठरवता येईना. आणि त्या दिवशी त्याचं बोट 'तुम्ही' म्हणत होतं की 'तू'... तेही नीट आठवेना.

मग ती बैठक झाली. त्याने आणखी बरीच पानं करून आणली होती. बाईंनी पहिलं पान उचललं, दुसरं उचललं आणि गठ्ठा टेबलावर टाकला.

"मी भिंतीशी बोलते आहे का? पहिल्या दिवसापासून एकच सांगतेय, हे नको. आणि हे गृहस्थ त्यातलंच आणखी घेऊन येतात."

तिचे हात वर आले. "बाईंना... अजून थोडा बदल..."

तो तिच्या हातांकडे बघतच नव्हता. तो बाईंचा चेहरा बघत होता. 'थोडा बदल' हवा असलेल्या माणसाचा असा चेहरा नसतो, हे कळायला कान लागत नाहीत. बाईंनाही काहीतरी खटकलं असावं. त्यांनी पेन घेतलं, एका चित्राच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सगळं पहिल्यापासून करायचं हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोचलं नाही का?' आणि कागद त्याच्यासमोर सरकवला.

त्याने वाचलं. मग तिच्याकडे वळला.

"पहिल्या दिवशी या काय म्हणाल्या होत्या? जसंच्या तसं."

तिने सांगितलं. बटाटा, मेलेली चित्रं, सगळं. बाईंनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर जमलं नाही तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

जिन्यात त्याने तिला थांबवलं.

"तुमचे हात सुंदर आहेत. भाषा स्वच्छ आहे. पण तुम्ही माझ्या वाट्याचं वाईट मला न विचारता स्वतःच गिळून टाकलंत."

"तुम्हाला लागू नये म्हणून..."

"मला लागायला हवं होतं. लागलं असतं तर त्याच रात्री बसून मी गेंडा बदलला असता. मला काय सोसेल आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?" त्याचे तळवे एकमेकांवर आपटत होते, जिन्यात तेवढाच आवाज होता. "उशी म्हटलं मी तुम्हाला. बरोबरच म्हटलं. तोंडावर दाबली की श्वास बंद होतो."

"हे... हे फार होतंय."

"हो. आणि मी तुमच्या ऑफिसला कळवणार आहे."

तो खाली उतरून गेला. ती तिथेच. राग आला होता, रडू येत होतं, आणि या सगळ्यात एक मूर्खासारखा विचार – 'हात सुंदर आहेत' हे त्याने आधी का सांगितलं असेल?

तिच्या ऑफिसच्या प्रमुख म्हणजे ताई. स्वतः वर्षानुवर्षं दुभाषी म्हणून काम केलेल्या, सगळ्यांच्या ताई. त्यांनी तिला समोर बसवलं.

"त्याने कळवलंय की तू अर्धंच पोचवलंस आणि त्याचं काम वाया गेलं. आणि पुढे असंही म्हटलंय की पुढच्या बैठकीला तूच हवीस. या दोन्हींचा मेळ मला लागत नाही. तुला लागतो?"

"नाही."

"जाणार आहेस?"

"मला नाही जायचं, ताई."

"का? तक्रार खोटी आहे?"

"...नाही. पण त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच केलं ना मी."

"नक्की कुणाला वाईट वाटू नये म्हणून?" ताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या फोनकडे वळल्या. "रविवारपर्यंत कळव."

रविवारी ती मामाकडे गेली. मामाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. खुणा ती त्याच्याच मांडीवर शिकली होती. शिवणकाम करणारा एकटा माणूस, पण घर चांगलं ऐसपैस. मामा कोटाला अस्तर लावत बसला होता. तिने सगळं सांगितलं – गेंडा, जिना, तक्रार.

मामाने सुई टोचून ठेवली. "दिसायला कसा आहे?"

"मामा..."

"नुसतं विचारलं." मग तो थोडा गंभीर झाला. "त्याचं म्हणणं खरं आहे?"

"तूही त्याचीच बाजू घे."

मामाने खोलीभर नजर फिरवली. "हे घर मी का घेतलं, माहीत आहे तुला?"

तिला माहीत नव्हतं.

"माझ्यासाठी एक मुलगी बघितली होती. तू शाळेत होतीस. तिच्याकडची माणसं येऊन गेली आणि जाताना दारात तिची आत्या काहीतरी बोलली. मी तुला विचारलं, काय म्हणाल्या? तू म्हणालीस, त्यांना घर लहान वाटलं."

तिला आठवलं. आत्याबाईंचा चेहरा, काखेतली पर्स, आणि ते वाक्य – मुलगा चांगला आहे हो, पण बहिऱ्याच्या घरात पोरगी कशी लोटायची.

"मी हे घर घेतलं," मामा म्हणाला. "रंग दिला. पडदे स्वतः शिवले. आणि वाट बघत बसलो. वर्षभर. मग तुझ्या आईने एकदाचं खरं सांगितलं."

"मला... मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू लहान होतीस. तुला वाईट वाटलं असतं." आणि मामा हसायला लागला, खांदे हलेपर्यंत. "बघ, रोग घरातलाच आहे."

तिला हसू येईना. मामाने तिची हनुवटी वर केली.

"घर वाईट नाही. उजेड छान येतो. पण खरं तेव्हाच कळलं असतं ना, तर एक संध्याकाळ रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तू माझी एक संध्याकाळ वाचवलीस आणि वर्ष गेलं."

तिने डोळे पुसले. "मी काय करू?"

"सवय कर. सांग, तुझी आई हल्ली माझ्याबद्दल काय म्हणते?"

"म्हणते... तुझा शर्ट विटलाय, तू हट्टी होत चाललायस आणि तू केलेली भाजी खारट असते."

"हात ठीक आहेत. पण भुवया माफी मागतायत. पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत मामाने तिच्याकडून इतक्या शिव्या खाल्ल्या की शेवटी दोघंही दमले.

ती बैठकीला गेली. तो खिडकीखालच्या बाकावर होता. त्याने मान लववली, एवढंच. रागावला होता की अवघडला होता, काही कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी नवी चित्रं पाहिली. "बरी आहेत. पण घाईत केलेली दिसतात. मुलगी बघतेय, पण भुतासारखी. आणि खरं सांगू? तुमची परिस्थिती बघून मी इतके दिवस सांभाळून घेतलं. दुसरा कुणी असता तर पहिल्या महिन्यातच घरी पाठवला असता."

तिचे हात क्षणभर... पण क्षणभरच. मग तिने सगळं सांगितलं. भुतासारखी. परिस्थिती. घरी पाठवला असता. त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत उतरत गेला, आणि तिने नजर काढून घेतली नाही.

त्याचे हात उठले. ती त्याच्या शब्दांत, त्याच्याच सुरात बाईंशी बोलली, "मग तुम्हीही तेच केलंत. मी बिचारा आहे असं समजून थांबलात. माझं चित्र वाईट असेल तर रागवा, काढून टाका, पण चित्रकार समजून काढा. आणि मुलगी भुतासारखी नाही. ती घाबरलेली आहे. तिला पहिल्यांदाच कुणीतरी आवडलंय."

बाईंनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"घाबरलेली? मग तिचे हात का शांत आहेत?"

आणि मग ते दोघं जे भांडले! एकेका पानावरून, एकेका भुवईवरून. चहा येऊन गार झाला. मध्ये दोन वाक्यं एकावर एक आली तेव्हा तिने हात वर करून दोघांनाही थांबवलं, "एकेकाने बोला, नाहीतर माझ्याकडून सुटेल." याआधी तिने असं कधी कुणाला थांबवलं नव्हतं. निघताना बाई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुमच्याशी बोलल्यासारखं वाटलं." तेही तिने पोचवलं.

थांब्यावर तिनेच विचारलं. "तक्रार केलीत, आणि वर मीच हवी म्हणालात. का?"

"बाकीचे दुभाषी भिंतीकडे बघून बोलतात. तुम्ही माझा चेहरा बघून बोलता. घोळ त्यामुळेच झाला, हे मान्य. पण चेहरा बघणारं माणूस शिकेल, असं वाटलं."

"आणि शिकले नसते तर?"

"तर दुसरी तक्रार केली असती. आणि पुन्हा तुम्हालाच बोलावलं असतं."

"हे कसलं उत्तर आहे?"

"मलाही नीट माहीत नाही," तो म्हणाला आणि एकदम बसच्या दिशेने बघायला लागला, जिथे बस नव्हती.

पुढच्या बैठकांत पुस्तक हळूहळू उभं राहिलं. गेंड्याची कातडी सुरकुतली, मुलीची बोटं फ्रॉकची कड घट्ट धरू लागली. शेवटच्या पानावर बाई थांबल्या. मुलगी आणि गेंडा एकमेकांकडे बघत होते, बाकी काहीच नव्हतं त्या पानावर. बाई काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. आणि ती... ती त्याच्याकडे बघत होती. तो पानाकडे बघत होता, श्वास रोखून, आणि त्याच्या कानाजवळ निळा रंग लागलेला होता.

"सांगताय ना त्यांना?" बाईंनी विचारलं.

ती भानावर आली. एक गुळगुळीत वाक्य तयारच होतं – बाईंना पान आवडलं. खोटंही नव्हतं ते बहुतेक.

"माफ करा," ती म्हणाली आणि हातांनीही तेच सांगितलं. "माझं लक्ष नव्हतं. मी काहीच ऐकलं नाही. पुन्हा सांगाल?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. तो मात्र तिच्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती ताईंसमोर उभी होती. "त्यांच्या कामावर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"आता काय? पुन्हा तक्रार?"

"नाही. काल त्यांच्याकडे बघता बघता मी बाईंचं बोलणं ऐकायचीच विसरले. अशा माणसाने तिथे बसू नये."

ताईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे त्याला सांगितलंस?"

"नाही. म्हणजे... काय सांगू? मला स्वतःलाच धड कळलेलं नाही."

"बरं," ताई म्हणाल्या. "माणूस बदलते मी. पण कारण मी कळवणार नाही. ते तुझं तू बघ."

आठवडा असाच गेला. तिने दवाखान्यात एका आजींसाठी काम केलं, बॅंकेत एका नवराबायकोसाठी. सगळं जसंच्या तसं पोचवलं. फक्त स्वतःचं काय ते कुणाला पोचवायचं, तेवढं राहून जात होतं.

मग एक दिवस दुपारी पाऊस पडत होता. ती ऑफिसातून बाहेर पडली तर तो समोरच्या फुटपाथवर, छत्रीखाली उभा. तिला बघून सरळ रस्ता ओलांडून आला. एका हातात छत्री, त्यामुळे बोलायला एकच हात. त्याची वाक्यं अर्धी-अर्धी येत होती.

"नवा दुभाषी... मिशी... ओठ दिसत नाहीत. तुम्ही का... मी काही चुकीचं...?"

"नाही, तसं काही नाही. वेळा जमत नव्हत्या, आणि..." तिचे हात तिथेच थांबले. पावसाची झड तिच्या बाहीवर येत होती. "हे खरं नाही. थांबा."

तो थांबला.

"त्या दिवशी माझं वाक्य सुटलं, कारण मी तुमच्याकडे बघत होते. काम म्हणून नाही. मला तुम्ही आवडता. म्हणून मी तुमची दुभाषी राहू शकत नाही. तुमच्या मनात असं काही नसेल तर तसं सांगा. गोड करून सांगू नका."

त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्याने छत्री मिटली, फाटकाच्या सळीला अडकवली आणि दोन्ही हात मोकळे केले. पाणी त्याच्या केसांतून ओघळून कपाळावर आलं.

"म्हणजे मला आता कायम त्या मिशीबरोबर काम करावं लागणार?"

"हो."

"हे वाईट आहे."

"आहे."

"आणि बाकीचं..." त्याचे हात अडखळले. तिने त्याचे हात अडखळताना कधी पाहिले नव्हते. "बाकीचं पुन्हा सांग."

"का? समजलं नाही?"

"समजलं," तो म्हणाला. "पुन्हा बघायचंय."

तिच्या पापण्यांवर पाणी साचलं होतं, समोरचं सगळं पुसट झालं होतं, पुढे काय होणार ते अजिबात कळत नव्हतं. तिने हात वर केले आणि पुन्हा सांगितलं.